मदत हवी आहे: कोड खुला करण्यापूर्वी गिटचा जुना इतिहास कसा हाताळावा?

नमस्कार. छायाचित्रांच्या फाइलींना ती टिपल्याच्या तारखेनुसार नावे देणारा एक छोटा प्रोग्राम मी काही वर्षे स्वतःपुरता वापरत आहे आणि तो आता सर्वांसाठी खुला करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोडमधील बदलांचा इतिहास मी गिट या साधनात ठेवतो. त्यातल्या सुरुवातीच्या एका कमिटमध्ये (म्हणजे बदलांच्या एका नोंदीत) डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल चुकून गेली होती. ती मी दुसऱ्याच दिवशी काढली, परंतु गिट प्रत्येक कमिट जपून ठेवत असल्यामुळे तो पासवर्ड आजही जसाच्या तसा वाचता येतो. पासवर्ड अर्थातच बदलला आहे.

‘फिल्टर-रेपो’ हे गिटचा इतिहास नव्याने लिहिणारे साधन वापरून ती फाइल संपूर्ण इतिहासातून वगळता येते. मात्र प्रत्येक कमिटचा हॅश (म्हणजे त्याची ओळख असलेला, त्याच्या मजकुरावरून काढलेला संकेतांक) आधीच्या कमिटच्या हॅशवर अवलंबून असल्याने पुढचे सगळे हॅश बदलतील आणि माझ्या दुरुस्त्यांच्या वेगळ्या नोंदींमध्ये जुने हॅश जागोजागी लिहिलेले आहेत. सगळा इतिहास सोडून एकाच नव्या कमिटने सुरुवात करणे सोपे आहे, पण एखादा निर्णय का बदलला, हे त्या कमिटसंदेशांतूनच कळते आणि शिकणाऱ्याला कोडइतकाच त्याचाही उपयोग होतो, असे मला वाटते.

ज्यांनी असा जुना प्रकल्प खुला केला आहे, त्यांनी कोणता मार्ग निवडला आणि जुन्या-नव्या हॅशची सांगड कशी घातली, हे कृपया सांगावे.