प्रतिसाद: एबीएस पंपाची मोटर घरी उघडावी का?

एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा जात नाही, गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पंप मोटरचा कोड येतो, मग मोटर घरीच उघडू का, असं वर विचारलंय. उघडा, पण आधी फ्यूज, रिले आणि अर्थिंग बघा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

मोटर साधी डीसी, मिक्सरसारखीच कार्बनवाली. बऱ्याच एबीएस युनिटमध्ये दोन-तीन स्क्रू काढले की ती ब्लॉकपासून (ब्रेक ऑइलच्या लाइन जोडलेला धातूचा ठोकळा) सुटते, ब्रेक ऑइलच्या लाइन उघडाव्या लागत नाहीत. बारा व्होल्ट थेट द्या. फिरली नाही आणि मागे हलकी टिचकी मारल्यावर फिरली, तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने पुसा, खाचांमधली काळी भुकटी टाचणीने काढा. मी एकदा खाचा तशाच सोडल्या, पुन्हा सगळं खोलावं लागलं!

मोटरच्या आत ओलं, चिकट दिसलं तर मात्र थांबा. म्हणजे प्लंजरचं (पंपाच्या दट्ट्याचं) सील गेलंय, ब्रेक ऑइल आत झिरपतंय. कार्बन बदलून ते थांबणार नाही, अख्खं युनिटच बदला. आणि हाय-प्रेशर अ‍ॅक्युम्युलेटरवाल्या (ब्रेक ऑइल जबर दाबाखाली साठवणारी टाकी असलेल्या) गाडीत प्रेशर उतरवल्याशिवाय पान्हा लावूच नका.