शिकागो: घरमालक शेजारणीला इमिग्रेशनची धमकी देतोय, तक्रार कशी करावी?

मंडळी, शिकागोत भाड्याने राहणाऱ्यांनी जरा मदत करा.

आम्ही पिल्सनमध्ये, अठराव्या रस्त्याजवळ राहतो. चार बिऱ्हाडांची जुनी विटांची इमारत, मालक तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर मेक्सिकोहून आलेलं कुटुंब आहे. थंडी पडली आणि त्यांचं हीटिंग बंद. ती मंडळी मालकाला सांगायला गेली तर तो म्हणाला, फार कटकट केलीत तर इमिग्रेशनला फोन लावीन. हे वाक्य आईला स्पॅनिशमध्ये समजावून सांगायची वेळ नऊ वर्षांच्या मुलीवर आली. मी जिन्यातच होते. आता बाई ओव्हनचं दार उघडं टाकून घर ऊबदार ठेवतात. घरात लहान मूल, गॅसचा ओव्हन, मला रात्री झोप लागत नाही.

मी दादरच्या चाळीत वाढलेय, मालकाची अरेरावी नवी नाही. पण देशाबाहेर घालवीन असं तिथे कोणी म्हटलं नव्हतं.

वाचलं ते असं: 15 सप्टेंबर ते 1 जून घरात दिवसा किमान 68 आणि रात्री 66 अंश फॅरेनहाइट तापमान राखणं मालकाला बंधनकारक आहे. इमिग्रेशनची भीती घालून भाडेकरूला गप्प बसवायला इलिनॉयमध्ये 2019 पासून कायद्याने मनाई आहे. लेखी नोटीस देऊन 14 दिवसांनी भाड्यातली काही रक्कम रोखण्याची सोय शहराच्या भाडेकरू वटहुकमात आहे, पण मालक स्वतः राहतो अशा सहा किंवा कमी घरांच्या इमारतींना तो लागूच नाही. नेमकी आमची तीच गत!

आता प्रश्न. शहराच्या तक्रार क्रमांकावर, म्हणजे 311 ला, मी शेजारीण म्हणून फोन केला तर तपासनीस येतो का, की भाडेकरूनेच करावा लागतो? मालकाला नाव कळतं का? हीटिंग फक्त त्यांचं बंद आहे, त्यामुळे संशय त्यांच्यावरच जाणार. मेट्रोपॉलिटन टेनंट्स ऑर्गनायझेशन या भाडेकरूंच्या संस्थेच्या हेल्पलाइनचा कोणाला अनुभव आहे का? तिथे स्पॅनिश बोलणारं माणूस मिळालं तर त्या मुलीची दुभाषेगिरी तरी थांबेल.

आणि खरं सांगते, मी स्वतः एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. नवरा म्हणतो, आपण यात पडू नये. तुम्ही काय केलं असतं ते नका सांगू, कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर ते सांगा. शुक्रवारपासून पारा आणखी उतरणार आहे.