जुन्या डी अँड डीचा गोंधळ हीच तिची ताकद होती, पटतंय का?

दहाफुटी_काठी
डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा पहिला डबा १९७४ च्या जानेवारीत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा खेळ, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघालेला. लाकडाच्या रंगाचं खोकं, आत तीन बारक्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या छपाईच्या १००० प्रती. ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी: एकजण डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा), त्याच्याकडे भुयाराचा लपवलेला नकाशा, बाकीचे आपापलं कॅरेक्टर काय करतंय ते बोलून सांगतात, अडलं की फासे.

तर त्या पुस्तिकांमधे निम्म्या गोष्टी नाहीतच. लढाईसाठी गायगॅक्सचा आधीचा 'चेनमेल' हा युद्धखेळ तुमच्याकडे असणारच असं धरलेलं, जंगलातल्या प्रवासाला दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल'चा बोर्ड वापरा म्हणे, आणि पहिला वार कोणाचा हे पण धड लिहिलेलं नाही. माझं म्हणणं असं की याच भोकांमुळे खेळ जिवंत झाला. एकच उदाहरण देतो. १९७४ च्या डब्यात चोर हा क्लासच (कॅरेक्टरचा प्रकार) नव्हता. लढवय्या, जादूगार, क्लेरिक (लढणारा पुजारी), बस्स. म्हणजे सापळा शोधायचं काम सगळ्यांचं, मग कोणी फरशीवर पखालीतलं पाणी ओतून ते कुठे झिरपतंय ते बघायचा, कोणी दहा फुटी काठीने ठोकत पुढे जायचा, कोणी पोत्यात दगड भरून आधी ते पुढे फेकायचा, आणि डीएमला प्रत्येक वेळी खरंच विचार करून सांगावं लागायचं की काय होतं. १९७५ ला ग्रेहॉक पुरवणी आली, चोर आला, सापळा निघतो का ते त्याच्या टक्केवारीवर फासा टाकून ठरायला लागलं आणि बाकीचे हाताची घडी घालून उभे. नियम आला आणि पाच जणांचं डोकं वापरणं बंद झालं.

नियम_आधी
साफ असहमत. जे लिहायचं राहिलं त्याला तुम्ही गुण म्हणताय. अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या त्या मंडळींना वर्षानुवर्षं युद्धखेळ खेळायची सवय होती म्हणून त्यांचं निभावलं, बाहेरच्या माणसाने ते पुस्तक उघडलं की त्याला काही कळायचं नाही. फिनिक्सच्या केन सेंट आंद्रेने ते वाचलं, त्याला ते नियम झेपण्यासारखे वाटले नाहीत, म्हणून त्याने १९७५ लाच स्वतःचा 'टनल्स अँड ट्रोल्स' काढला, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा. पहिल्याच वर्षातल्या वाचकाला खेळ नव्याने लिहावा लागतो यात ताकद कसली?

आणि मरणं किती स्वस्त होतं ते पण सांगा की. 'टूम ऑफ हॉरर्स' हे सापळ्यांनी भरलेलं भुयार, १९७५ ला बाल्टिमोरच्या ओरिजिन्स संमेलनात खेळवलेलं. भिंतीवर हिरव्या सैतानाचा चेहरा, तोंड आ वासलेलं, आत मिट्ट काळोख. आत शिरला तो संपला, फासा टाकायचाही चान्स नाही. तासभर खपून केलेलं कॅरेक्टर असं जात असेल तर मला त्यात मजा दिसत नाही.

दहाफुटी_काठी
सेंट आंद्रे तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे हो! नियम पटले नाहीत तर त्याने खेळ सोडला नाही, स्वतःचा केला. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकच वाचकाला म्हणतात की तुमच्या वाटची कल्पना पण आम्हीच कशाला करायची. मुद्दाम दिलेली मोकळीक होती ती. आणि हिरव्या चेहऱ्याचं म्हणाल तर आधी काठी आत घाला ना, तुटकी बाहेर येते, झालं, कळलं. तिथे मरतो तो न बघता उडी मारणारा.

बाय द वे कॅरेक्टर करायला तासभर नंतरच्या आवृत्त्यांमधे लागायला लागला. तेव्हा तीन फासे सहा वेळा टाकायचे, क्लास निवडायचा, सामान घ्यायचं की निघाले.

अंगणवेल
दोघांशी थोडी थोडी भांडते. मी गेली काही वर्षं ऑनलाइन ग्रुपमधे जुने नियम खेळतेय आणि मला तो मोकळेपणा मनापासून आवडतो. १९७५ पासून लॉस एंजेलिसहून ली गोल्ड 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे नियतकालिक काढायची, त्यात लोक आपापली पानं पाठवायची, आमच्या टेबलावर हा नियम असा चालतो, तुमच्याकडे कसा, आणि त्यावर पुढच्या अंकात भांडणं. तो काळ वाचताना खूप भारी वाटतं, आणि ते सगळं एक बाई चालवत होती हे लक्षात ठेवा.

पण पहिल्या पुस्तिकेचं नावच 'मेन अँड मॅजिक', आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात माणूस जातीच्या स्त्री कॅरेक्टरची ताकद १८/५० च्या वर जाऊच शकत नाही, पुरुषाची १८/०० पर्यंत (इथे ०० म्हणजे १००). ड्रॅगन चालतो, आगीचे गोळे चालतात, ताकदवान बाई नाही चालत. कशाकशाला नियम नव्हता त्या खेळात, आणि इथे मात्र आठवणीने बसून तक्ता केला! त्यामुळे "गोंधळ म्हणजे मोकळीक" हे मला पूर्ण पटत नाही. कुठे मोकळं सोडायचं हे पण कोणीतरी ठरवतच होतं.

सोलापुरी_चादर
अंगणवेल +१. मला त्या काळातली आवडणारी गोष्ट म्हणजे हाताला लागेल ते उचलून खेळात घालायचे. टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले बुटके हॉबिट घेतले, टॉल्किनवाल्यांकडून कायद्याची नोटीस आल्यावर हाफलिंग झाले. आपल्याकडचं पण घेतलं: १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला राक्षस बघा, वाघाचं डोकं, अंगात झगा आणि ऐटीत पाइप ओढतोय. १९८० च्या देवांच्या पुस्तकात तर इंद्र, अग्नी, विष्णू सगळ्यांना आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) आणि हिट पॉइंट (किती मार सोसून मरतो) यांचे आकडे. आजीला दाखवलं असतं तर तिने पुस्तक चुलीत घातलं असतं, पण मला ते चित्र अजून आवडतं, कारण आपला राक्षस त्या टेबलावर पोचला याचा आनंदच होतो.

नियम_आधी
मला नाही होत. विष्णूला हिट पॉइंट देणं म्हणजे त्याला मारता येतं असं म्हणणं, ज्याने हे लिहिलं त्याने त्या परंपरेचा विचार केलेला दिसत नाही. उचलायला हरकत नाही, पण समजून उचला.

मूळ मुद्दा. खुद्द गायगॅक्सनेच १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमधे सगळीकडे एकसारखा खेळ हवा म्हणून आग्रह धरला. मी दर रविवारी कॉलेजच्या पोरांना खेळवतो, तिथे बघतो ना, नियम मोकळे ठेवले की जो बोलबच्चन आहे तो डीएमला पटवून सगळं मिळवतो. कोपऱ्यात बसणाऱ्या पोरीला "माझ्या कॅरेक्टरच्या शीटवर लिहिलंय, मला हे येतं" एवढं म्हणता आलं पाहिजे. लिहिलेला नियम हा तिचा हक्क आहे, तो डीएमच्या मर्जीवर नसतो. तुमच्या पाणी ओतण्याच्या गोष्टीत पाणी नेहमी तोच एक हुशार मुलगा ओततो.

दहाफुटी_काठी
हा मुद्दा आत्तापर्यंतचा सगळ्यात वजनदार आहे, मानलं. तरी मी अडून बसणार. शीटवर लिहिलेलं असलं तरी ती पोरगी तेवढंच करेल जेवढं शीटवर आहे. तिला बोलतं करायचं काम नियमाचं नाही, डीएमचं आहे. टेबलाभोवती फिरत प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, तू काय करतेस, आणि ती जे सांगेल ते आधी खरं होऊ द्यायचं.

अंगणवेल
आणि डीएमच तो बोलबच्चनचा दोस्त असेल तर?