आरतीला न येणारा मुलगा आणि घरातली श्रद्धा

बी-३०२ : सर्वांना नमस्कार. महालक्ष्म्यांच्या तिन्ही दिवसांत आमचा मोठा मुलगा घरात असूनही पंगतीत बसला नाही आणि आरतीच्या वेळी गच्चीवर एकटाच राहिला. तो लहानपणापासून एकलकोंडा आहे, उद्धट मुळीच नाही. परंतु ‘या घरात देवाधर्माचे वळणच नाही’ असे एका नातेवाइकांनी सर्वांदेखत म्हटल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. देवावरचा विश्वास घरातून येतो की ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

सी-१०१ : ताई, स्वभावाच्या नावाखाली सवलत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे घट बसतात तेव्हा माळ करण्याचे काम मुलांकडेच असते. हात गुंतले की मनही हळूहळू गुंतते. आज आरती नको म्हणणाऱ्याला उद्या कुळाचारही नकोसा होईल आणि घराण्याची तुळजापूरची वाट आपल्याच पिढीत बंद पडेल.

ए-४०४ : काका, हात गुंतावेत हे मलाही पटते. परंतु चार माणसांत न रमणाऱ्या मुलाला नास्तिक ठरवणे, आणि त्यावरून त्याच्या आईच्या संस्कारांवर बोट ठेवणे, हा दोघांवरही अन्याय आहे. जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ रामदास आणि त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत एकाच देवघरापुढे, राणूबाईंच्या एकाच छायेत वाढले. तरीही धाकट्याने बोहल्यावरून निघून जाऊन नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे एकांतात उपासना केली, आणि थोरल्याने जांबलाच राहून प्रपंच, रामभक्ती व ग्रंथलेखन सांभाळले. त्या घराचे वळण यांपैकी कोणाला लागले नाही, असे म्हणायचे?

एकनाथ महाराजांचे आईवडील तर लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना पैठणला वाढवले, तरी ते कोवळ्या वयात घरी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, आणि आपण पावसाळ्यात ज्या शूलिभंजनला जातो त्याच डोंगरावर त्यांनी अनुष्ठान केले, असे परंपरा सांगते. पुढे ते पैठणला परतले, गिरिजाबाईंसह त्यांनी संसार केला, आणि त्यांचे घर कीर्तनाने व अतिथींनी भरलेले राहिले. आजी-आजोबांनी त्यांची वाट पाहणे सोडले नव्हते, ही गोष्ट मला त्या कथेत फार मोलाची वाटते.

आणि ताई, नामदेवांच्या मातोश्री गोणाई यांच्या नावावरील अभंग अवश्य वाचावेत. त्यांची तक्रार आपल्या अगदी उलट आहे : मुलगा विठ्ठलात इतका बुडाला की घरसंसाराकडे त्याचे लक्षच राहिले नाही. ज्या घरात जनाबाईंसह साऱ्यांनी अभंग रचले, तिथेही आईला मुलाची काळजी सुटली नाही.

माझे वडील परभणीच्या घरी पहाटे पूजा करीत. मला ते हाक मारीत नसत, पण गंध उगाळण्याचे काम माझ्यासाठी राखून ठेवीत. मी ते कधी करी, कधी टाळी. ते गेल्यावर कोणी सांगितले नसताना पूजा मी सुरू ठेवली, आणि आजही ती एकट्यानेच करायला मला आवडते. घराने आचार चालू ठेवावा, त्यात मुलासाठी जागा ठेवावी. विश्वासाची हजेरी मात्र घेऊ नये. एक गोष्ट गंभीरपणे सांगतो : मुलगा जेवण, झोप, अभ्यास आणि मित्र या सगळ्यांपासूनच दूर जात असेल, तर त्याला स्वभाव समजू नये, नवस बोलत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

सी-१०१ : जांबचे उदाहरण मान्य. तरीही कुळाचाराच्या दिवशी, जेव्हा सगळे घराणे एकत्र येते, तेव्हा मुलाने पाच मिनिटे तरी देवीसमोर उभे राहावे, हा आग्रह मी सोडणार नाही. श्रद्धा ज्याची त्याची असली तरी कुलदैवत सर्वांचे असते.

बी-३०२ : दोघांचेही मनापासून आभार. जेवण-अभ्यास व्यवस्थित आहे आणि त्याचे दोन जिवलग मित्रही आहेत. मुलाशी शांतपणे बोलले; त्याला गर्दी आणि झांजांचा आवाज सोसत नाही, देवाविषयी अजून काही ठरवलेले नाही, असे तो म्हणाला. येत्या नवरात्रात घटाला रोज सकाळी पाणी घालण्याचे काम घेशील का, असे त्याला विचारणार आहे. नाही म्हणाला तर पुन्हा विचारणार नाही, आणि त्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचे ते मी बघेन.