मदत हवी आहे : जोर लावूनही श्वास बाहेर का पडत नाही?

अर्धविराम :
स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीचा, अहवाल हाती आला असून त्यात ‘अडथळा’ एवढाच शेरा आहे. नळीत फुंकताना तंत्रज्ञ ‘अजून, अजून’ म्हणून ओरडत होते, मी घाम फुटेपर्यंत जोर लावत होतो आणि तरीही पडद्यावरची रेघ जेमतेम सरकत होती. श्वास आत घेताना मात्र असे काहीच होत नाही. नळी अरुंद झाली असेल, तर ती दोन्ही दिशांना सारखीच अरुंद असायला नको का? कृपया कारण सांगावे. ‘काळजी घ्या’ हे उत्तर दोन ठिकाणी मिळून चुकले आहे.

त्रिज्या :
आकडे कोठे आहेत? पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, एकूण किती, आणि हे श्वासनळ्या रुंदावणारे औषध ओढण्यापूर्वीचे की नंतरचे? तोवर मूळ सूत्र लक्षात घ्यावे : संथ प्रवाहात त्रिज्या निम्मी झाली की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, १६ पट होतो. सूज, कफ किंवा स्नायूंचे आकुंचन यांपैकी काहीतरी नळी अरुंद करत आहे, एवढाच याचा अर्थ.

काठावरचा :
ऑक्सिजन किती आहे, हे आधी पाहावे. बोट गार असेल तर यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून बोट चोळून ऊबदार करावे आणि नखाला रंग असल्यास तोही काढावा.

अर्धविराम :
ऑक्सिजनविषयी मी काहीही विचारलेले नाही.

जुना वाचक :
त्रिज्या यांचे सूत्र बरोबर आहे, पण ते ताठ नळीचे आहे आणि प्रश्न नेमका दिशेचा आहे. बारीक श्वासनलिकांना कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, आधार नसतो. भोवतालच्या वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंती त्यांना तंबूच्या दोऱ्यांप्रमाणे चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. श्वास घेताना फुप्फुस फुगते, दोऱ्या ताणल्या जातात आणि नळ्या रुंदावतात. जोराने श्वास सोडताना मात्र छातीतला वाढलेला दाब वायुकोशांवर पडतो तसाच नळ्यांवरही बाहेरून पडतो. नळीच्या आतला दाब तोंडाकडे येताना घटत जातो, एका ठिकाणी तो बाहेरच्या दाबाइतका होतो, आणि त्यापुढे नळी चेपू लागते. जोर दुप्पट केला तर ढकलणे आणि चेपणे दोन्ही वाढते, म्हणून प्रवाह आहे तेवढाच राहतो. निरोगी माणसातही हे घडते, फक्त वायुकोशांची लवचिकता शाबूत असल्यामुळे ते ठिकाण बहुधा कूर्चा असलेल्या मोठ्या नळ्यांत येते. आपण धूम्रपान करता का?

त्रिज्या :
दम्यात वायुकोशांच्या भिंती शाबूत असूनही उच्छ्वास लांबतोच, त्याचे काय? रोध मुळात बारीक नळ्यांतच असणार.

जुना वाचक :
दम्यात नळी आधीच आकसलेली असते आणि श्वास सोडताना आणखी आकसते. तेथे आपले म्हणणे मला मान्य आहे. दुसरे विधान मात्र चुकीचे आहे. निरोगी फुप्फुसात २ मिलिमीटरहून बारीक नळ्यांचा वाटा एकूण रोधाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतो, कारण अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी असल्याने हवा त्यांत वाटली जाते. त्यामुळेच तेथला बिघाड तपासणीत दिसायला फार उशीर होतो.

अर्धविराम :
धूम्रपान सोडून चार वर्षे झाली, म्हणून लिहिले नव्हते. त्यापूर्वी बावीस वर्षे केले. औषधापूर्वी पहिल्या सेकंदात १.९० लिटर, एकूण ३.४०, औषधानंतर १.९६ आणि ३.४५. जिना चढल्यावर शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून श्वास सोडला की मोकळे वाटते. याचा यात काही संबंध आहे का?

जुना वाचक :
हे आधी लिहिले असते, तर निम्मा वाद वाचला असता. पहिल्या सेकंदातल्या हवेचे एकूण हवेशी आपले गुणोत्तर औषधापूर्वी ५६ आणि नंतर ५७ टक्के आहे, म्हणजे दोन्ही वेळा अडथळ्याची सीमा मानल्या जाणाऱ्या ७० च्या खालीच, आणि पहिल्या सेकंदातला फरक अवघा ६० मिलिलिटर. औषधाने पुरेसा फरक पडला असे म्हणायला २०० मिलिलिटर आणि १२ टक्के ही दोन्ही प्रमाणे रूढ आहेत. एवढ्यावरून दम्याची शक्यता पुसून टाकता येत नाही, पण वायुकोशांची लवचिकता गेल्याचा संशय बळावतो. आवळलेल्या ओठांशी अडथळा निर्माण झाल्याने नळ्यांतला दाब टिकून राहतो, त्या उशिरा चेपतात आणि प्रवाहही संथ होतो. मोकळे वाटते ते त्यामुळे.

त्रिज्या :
लवचिकतेचा मुद्दा येथे मान्य. वायुकोशांच्या भिंतींचा अंदाज कार्बन मोनॉक्साइडची अत्यल्प मात्रा हुंगवून केलेल्या तपासणीत येतो. ती झाली आहे का?

अर्धविराम :
झाली आहे. तिचे पान वेगळे होते, ते महत्त्वाचे नसावे असे वाटल्याने घरीच राहिले. संध्याकाळी आकडे लिहितो.