काळे केस म्हणजे विंटरच? नाही पटलं

त्वचा-केस-डोळ्यांवरून कुणाला कुठले रंग शोभतात ते स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर अशा ‘सीझन’मध्ये वाटतात; विंटर म्हणजे थंड, निळसर झाक असलेले ठसठशीत रंग शोभणारी. वर एकीने म्हटलंय की आपल्याकडे सगळ्यांचेच केस-डोळे काळे, म्हणजे आपण सगळ्या विंटरच. मग माझी सख्खी बहीणही विंटर निघायला हवी होती! संक्रांतीला चंद्रकळा नेसली की ती तापातून उठल्यासारखी दिसते, आणि मोहरी किंवा गेरूच्या रंगात खुलते. ती डीप ऑटम, म्हणजे उबदार, पिवळसर झाक असलेले गडद रंग शोभणारी. माझं नेमकं उलट.

मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून थंड-उबदार ठरवायची भानगड सोडा, सावळ्या हातावर काही कळत नाही. मी ठाण्यात राम मारुती रोडवर खरेदीला गेले की ओढणी घेऊन दुकानाच्या दारात येते, कारण आतल्या पिवळ्या दिव्यात सगळंच उबदार वाटतं. घरी करायचं तर दिवसा, खिडकीपाशी, मेकअप न करता. हनुवटीखाली आधी पांढराशुभ्र कपडा धरा, मग मोतिया. नंतर राणी आणि विटकरी. कपड्याकडे नाही, डोळ्यांखालच्या काळेपणाकडे बघा. पांढराशुभ्र आणि राणी धरल्यावर तो कमी दिसला तर विंटर.

विंटरची पुढची वाटणी (डीप, ब्राइट, ट्रू) किचकट आहे. डीप विंटर ऑटमच्या शेजारची, म्हणून तिला वाइन, बॉटल ग्रीन असे गडद रंग पेलतात. ब्राइट विंटर स्प्रिंगच्या शेजारची. बुबुळ आणि डोळ्यातलं पांढरं यांतला फरक लखलखीत असतो, मळकट रंगात ती विझते. ट्रू विंटरला थंडपणा महत्त्वाचा, उबदार छटा जराही चालत नाही. तिला सोन्यापेक्षा चांदी शोभते म्हणतात, पण हे लग्नघरात आईला कोण सांगणार?