मदत हवी आहे : एमडी-यूव्ही३८० वर एम१७, एएमबीई कोडेकशिवाय

नमस्कार मंडळी. माझ्याकडे टीवायटीचा एमडी-यूव्ही३८० हँडसेट आहे. त्यावर ओपनजीडी७७ हे हौशी मंडळींनी लिहिलेलं फर्मवेअर (सेट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलं. फर्मवेअर छान आहे, पण डीएमआरचा (डिजिटल रेडिओची एक पद्धत) आवाज हवा असेल तर सीपीएसला (संगणकावरून सेट प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) आधी कंपनीची मूळ फर्मवेअर फाइल द्यावी लागते आणि त्यातला एएमबीई कोडेक (आवाजाचे बिट करणारा आणि बिटांचा पुन्हा आवाज करणारा, मालकी हक्काचा भाग) उचलला जातो. बाकी सोर्स वाचता येतो, पण आवाज जिथे तयार होतो नेमका तोच भाग बंद पेटीत. हौशी रेडिओत मला हे खटकतं. इथे सेट उघडून शिकणं हाच तर मूळ हेतू.

म्हणून ओपनआरटीएक्स हे दुसरं, खुलं फर्मवेअर टाकून पाहिलं. एफएम दोन्ही बाजूंनी व्यवस्थित चालतं. मला त्यावर एम१७ ही डिजिटल आवाजाची खुली पद्धत हवीय, कारण त्यातला कोडेक२ (३२०० बिट प्रति सेकंद) पूर्ण खुला आहे. हॉटस्पॉटची (सेटला इंटरनेटशी जोडणारा छोटा रेडिओ) अडचण नाही: त्यातला एमएमडीव्हीएम मोडेम नुसत्या फ्रेम पुढे पाठवतो, आवाज उलगडत नाही, त्यामुळे तिथे कोडेक लागतच नाही. अडलंय ते एम१७ साठी हँडसेटच्या बोर्डावर कराव्या लागणाऱ्या हार्डवेअर बदलापाशी. ओपनआरटीएक्स प्रकल्पाच्या पानावरची आकृती वाचली, पण माझ्या बोर्डाची मांडणी त्यातल्या फोटोशी जुळत नाही.

बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. एएमबीई चिपचा डोंगल किंवा नवा सेट सुचवू नका, तो मार्ग नकोय. परवाना आहे.

हा बदल कुणी स्वतः केलाय का? बोर्डाची आवृत्ती कुठे छापलेली असते, आणि मांडणी वेगळी असेल तर बेसबँडचा (रेडिओ लहरीवर चढवण्याआधीचा मूळ सिग्नल) योग्य बिंदू फक्त मल्टिमीटरने कसा पक्का करायचा?